झाडपाल्याची बाजू घेताना

वालाला मर लागली, चवळीवर भुरी पडली असं कुणी सांगितलं की माझ्या तोंडी पहिलं उत्तर झाडपाल्याचं येतं. लसूण वाटून घाला, करंजाचा पाला उकळा, निंबोळी भिजत टाका. हे उत्तर इतक्या पटकन का येतं, याचा विचार मी सध्या शांतपणे करते आहे. शेतीविषयी बोलणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसाच्या शब्दावर कुणीतरी आपलं उभं पीक सोपवत असतं. म्हणून मला जे माहीत आहे, मला जे खरं वाटतं आणि जे खरं निघावं अशी माझी इच्छा आहे, या तीन गोष्टी निदान स्वतःपाशी तरी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. त्या सहज वेगळ्या होत नाहीत. त्या करायला बसलं की कळतं, इच्छेने माहितीची जागा कुठे कुठे घेतली आहे.

आधी इच्छेकडेच बघते. आमच्या दापोली तालुक्यात भात कापलं की त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर, कुळीथ, वाल, पावटा, चवळी टाकतात. बहुतेकांकडे पाणी द्यायची सोय नसते, खतही फारसं पडत नाही. थंडी आणि पहाटेचं दंव यांच्या भरवशावर पीक उभं राहतं. कुळथाची पिठी आणि वालाचं बिरडं हे इथल्या घरांचं वर्षभराचं अन्न आहे. चवळीची शेंग तर सकाळी तोडली की दुपारच्या भाजीत पडते. जे माझ्या चुलीवर शिजणार, नातवंडांच्या ताटात जाणार, त्यावर दुकानातल्या बाटलीतलं काही मारू नये, ही भावना खोटी नाही. तिची मला लाजही वाटत नाही. पण ती भावना आहे. लसणाच्या रसाने भुरी जाते की नाही, याच्याशी माझ्या नातवंडांवरच्या मायेचा काही संबंध नाही.

दुसरी ओढ अभिमानाची. आपल्या मातीत उत्तर होतंच, आपल्या आज्यांना ते ठाऊक होतं, असं मानायला मला आवडतं. मग त्या आज्या नेमकं काय करत होत्या, ते आठवून बघते. बियाण्याचे वाल राखेत घोळवून ठेवत, कुणी तांबड्या मातीचा लेप देत, कणगीत निरगुडीचा पाला घालत. हे सगळं खरं आणि उपयोगाचं; पण ते भुंग्यासाठी, साठवणुकीतल्या किडीसाठी. भाताची दाढ भाजत, म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण जाळत; त्या धगीने तणाचं बी मरे आणि वरच्या थरातल्या रोगजंतूंनाही थोडीफार झळ लागत असणार. पण उभ्या वालावर बुरशी आली तर? माझ्या ऐकण्यात तरी त्यावर काही फवारत नव्हते. मेलेली रोपं उपटत, पुढच्या वर्षी खाचर बदलत, आणि जे हाती येईल ते खळ्यावर आणत. शेंगभाज्यांच्या बुरशीवर झाडपाल्याचा अर्क फवारायची पद्धत इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, असं म्हणायला मला आधार नाही. अर्काची बाजू घ्यायची तर ती परंपरेच्या नावावर घेता येणार नाही. तो अर्क आज, या जमिनीत, काम करतो का, एवढ्याच प्रश्नावर ती घ्यावी लागेल.

आणि इथे पहिली अडचण येते. बुरशी म्हणजे एक रोग नव्हे.

खाचरातला मान टाकलेला वाल उपटून पाहा. जमिनीलगतचं खोड मऊ पडलेलं असतं, सालीवर पांढरे तंतू पंख्यासारखे पसरलेले असतात आणि त्यांत मोहरीएवढे दाणे दिसतात. कोवळे दाणे पांढरे, जून झालेले तपकिरी. ही स्क्लेरोशिअम रॉल्फसाय. ते दाणे म्हणजे तिचं साठवणीचं रूप. जमिनीत ते वर्षानुवर्षं तग धरतात. शेकडो जातींच्या झाडांवर ती जगते. भुईमूग, मिरची, टोमॅटो, वाल, काहीही चालतं तिला. पान मलूल दिसेपर्यंत खालचं खोड कुजून गेलेलं असतं. फेब्रुवारी सरताना ओल संपून ऊन चढलं की दुसरी एक येते, मॅक्रोफोमिना, कोरडी मूळकुज. मुळाची साल हाताने सुटते आणि आत काळ्या पुडीसारखे बारीक ठिपके दिसतात. या दोघी जमिनीत राहतात. पाठीवर पंप घेऊन पानांवर कसलाही अर्क मारला, तरी तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. कुणी मला विचारलं, ‘ताई, वाल मरतोय, काय मारू?’ तर खरं उत्तर ‘आता मारून उपयोग नाही’ असं आहे. ते सांगताना जीभ अडखळते. समोरच्या माणसाला काहीतरी हातात द्यावंसं वाटतं, आणि लसूण घरात असतोच.

भुरीची गोष्ट वेगळी आहे. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, असे जानेवारीतले दिवस तिला मानवतात. तिच्या बीजाणूला रुजायला पानावर पाण्याचा थेंबही लागत नाही. पानाच्या वरच्या अंगाला पांढरट पूड दिसते. अंगठ्याने पुसली तर पुसली जाते, आणि खालचं पान सुरुवातीला अजून हिरवं असतं. ही बुरशी पानाच्या पृष्ठभागावर पसरते, फक्त तिची शोषकं वरच्या पेशींत उतरलेली असतात. म्हणजे ती उघड्यावर आहे, हाताशी आहे. तांबेरा आणि करपा पानाच्या आत शिरतात; त्यांना बाहेरून गाठायचं तर बीजाणू रुजायच्या आधी गाठावं लागतं. झाडपाल्याच्या अर्काला काही संधी असेल तर ती भुरीवर सगळ्यांत जास्त, तांबेरा-करप्यावर वेळ साधली तर थोडी, आणि मर-मूळकुजीवर फवारणीने जवळजवळ नाही. एवढा फरक न सांगता ‘बुरशीवर लसूण चालतो’ असं मी म्हटलं, तर ते अर्धंच सत्य होतं.

‘पण विद्यापीठांत सिद्ध झालंय ना?’ हा प्रश्न लोक विचारतात, आणि तो मीही स्वतःला विचारते. कोकण कृषी विद्यापीठ दापोलीत १८ मे १९७२ रोजी सुरू झालं. कुळथाची ‘दापोली-१’, चवळीची ‘कोकण सदाबहार’ अशा आमच्या खाचरांत रुळलेल्या जाती त्याच्याच. वनस्पतींच्या अर्काची बुरशीवर चाचणी हा राज्यातल्या कृषी विद्यापीठांत रोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा विषय. ती चाचणी कशी होते हे नीट समजून घेतलं, तेव्हा माझ्या मनातला ‘सिद्ध’ या शब्दाचा भार बराच उतरला.

बटाट्याचा काढा, साखर आणि अगार यांचं माध्यम काचेच्या थाळीत ओततात. ओतण्यापूर्वी त्यात ठरलेल्या प्रमाणात अर्क मिसळतात. मधोमध बुरशीची एक बारीक चकती ठेवतात. शेजारी दुसरी थाळी, तिच्यात अर्क नाही. काही दिवसांनी बुरशीचं वर्तुळ किती पसरलं ते मोजतात आणि अर्कामुळे वाढ किती टक्क्यांनी रोखली गेली ते काढतात. पद्धत चोख आहे. पण त्या थाळीत बुरशीला अर्कापासून सुटका नाही. ती जे खाते त्यातच अर्क आहे. थाळीत ऊन नाही, दंव नाही, पाऊस नाही. शेतात पानावर पडलेला अर्क उन्हाने विघटित होतो, दंवाने ओघळतो, आणि पानाच्या खालच्या बाजूला तर बहुधा पोचतच नाही. लसूण, आलं, निरगुडी, तुळस, निलगिरी यांचे अर्क थाळीत चांगले ठरल्याचे निष्कर्ष पुष्कळ आहेत. त्यावरून शेतात तेवढाच गुण येईल असं ते प्रयोग करणारेही म्हणत नाहीत. पुढचं पाऊल कुंडीतलं, त्यापुढचं शेतातलं. प्रत्येक पावलाला यादीतली काही नावं गळतात. मी शेतकऱ्यासमोर थाळीतला निष्कर्ष सांगते आणि थाळी गाळते, तेव्हा माझं वाक्य खोटं नसतं, पण ऐकणारा त्यातून जे समजतो ते खोटं असतं. याची जबाबदारी माझी.

लसणाविषयी मला जे पक्कं माहीत आहे ते सांगते, कारण तिथे रसायनशास्त्र स्वयंपाकघरात दिसतं. अखंड पाकळीला जवळजवळ वास नसतो. तिच्यात अ‍ॅलिइन नावाचा घटक एका जागी आणि त्याला फोडणारं विकर दुसऱ्या जागी असतं. पाट्यावर वरवंटा फिरला की दोन्ही एकत्र येतात, अ‍ॅलिसिन तयार होतं आणि नाकात तो ओळखीचा झटका बसतो. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी हे अ‍ॅलिसिन वेगळं काढलं. बुरशीच्या पेशीतल्या विकरांना ते निकामी करतं. पण ते टिकाऊ नाही. ठेवलं की त्याचं दुसरंच काही होत जातं. आणि पाकळ्या अख्ख्या उकळल्या तर विकरच मरतं, म्हणजे अ‍ॅलिसिन तयारच होत नाही. ‘लसूण उकळून काढा करा’ हा सल्ला मी अनेकदा ऐकते. तो देणाऱ्याने लसणाची ताकद पातेल्यातच घालवलेली असते. वाटायचा थंड, गाळायचा पंच्यातून, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारायचा.

तरीही एक शंका उरते, आणि ती शेंगवर्गीय पिकांपुरती मोठी आहे. अ‍ॅलिसिन बुरशीला मारतं तसं जिवाणूंनाही मारतं. वालाच्या, चवळीच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम हे जिवाणूच राहतात; हवेतला नत्र ते पिकाला देतात. निरोगी रोपाची गाठ नखाने कापली तर आत गुलाबी दिसते. ती गाठ कामात आहे याची ती खूण. मूळकुज थांबावी म्हणून लसणाचं पाणी मुळाशी ओतायचं, तर ते शत्रू आणि मित्र ओळखून काम करेल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची? मर-मूळकुज टाळायला वापरतात ती ट्रायकोडर्मा तर स्वतःच बुरशी. बियाण्याला ती चोळायची आणि वरून बुरशीनाशक अर्क घालायचा, यात काही मेळ नाही. रासायनिक औषध जमिनीतले मित्रजीव मारतं असं मी ज्या तावातावाने सांगते, त्याच तावाने हेही सांगायला हवं. एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, हे माझ्या मनाला पटत नाही.

विषाचंही तसंच. दशपर्णी अर्काच्या याद्यांत रुई, धोतरा, कण्हेर असतात. धोतरा आणि कण्हेर माणसाला किती घातक आहेत, हे खेड्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. दुकानातल्या बुरशीनाशकाच्या डब्यावर निदान प्रमाण छापलेलं असतं, फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची ते असतं, विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो. घरच्या पिंपातल्या अर्काला काहीच नाही. एका शेजारणीने मला विचारलं होतं, “ह्यो मारल्यावर शेंगा कधी काढू गं?” रास्त प्रश्न. कण्हेर-धोतरा घातलेल्या अर्काबाबत त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून ज्या शेंगा ओल्या खायच्या त्यांवर तो मारू नका, असंच मी सांगते. माझ्या लेखी इथे लसूण, आलं, करंज यांची गोष्ट वेगळी आणि धोतऱ्याची वेगळी. दोन्ही झाडाचीच म्हणून दोन्ही सारखी निर्धोक, असं नाही.

आता कडुलिंबाबद्दल. त्याच्या बाबतीत महाराष्ट्राने एक गोष्ट करून दाखवली आहे आणि ती मला पुन्हा पुन्हा आठवते. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने एक पेटंट दिलं. विषय होता कडुलिंबाच्या तेलाने झाडांवरच्या बुरशीचं नियंत्रण. वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या ग्रीन पक्षाच्या माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना आयफोम यांनी त्याला विरोध केला. मे २००० मध्ये म्युनिकला पेटंट रद्द झालं. अपीलही मार्च २००५ मध्ये फेटाळलं गेलं. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना ‘आमच्या पूर्वजांचं ज्ञान जिंकलं’ असं सांगतात. मलाही तसं सांगायला बरं वाटतं. पण २००० सालच्या सुनावणीत वजन पडलं ते पुण्यातल्या एका कृषी कंपनीच्या अभय फडके यांच्या साक्षीचं. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत त्यांनी कडुलिंबाच्या अर्काच्या चाचण्या शेतकऱ्यांच्या शेतांवर घेतल्या होत्या. पेटंटचा अर्ज होण्याच्या आधी ही पद्धत उघडपणे वापरात होती, हे त्या चाचण्यांनी दाखवलं. कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या साली, काय वापरलं, हे सांगता येणारा माणूस उभा राहिला.

मला या गोष्टीत माझ्यासाठी प्रश्न दिसतो. उद्या मला कुणी विचारलं की दापोलीच्या कुठल्या खाचरात, कुठल्या महिन्यात, कुठल्या रोगावर करंजाचा अर्क चालला, शेजारच्या न फवारलेल्या वाफ्यात काय झालं, तर माझ्यापाशी काय आहे? आठवणी आहेत. ‘बरा फरक पडला’ असं म्हणणारी माणसं आहेत. भुरी वाढत असतानाच हवा बदलली आणि ती आपोआप थांबली, की अर्काने थांबली, हे आठवणीवरून कधीच कळत नाही. शेतकऱ्याला गुण आला की तो सांगतो. नाही आला तर गप्प राहतो, कारण त्याला आपलंच काही चुकलं असं वाटतं. त्यामुळे माझ्या कानावर पडणारी साक्ष मुळातच एका बाजूला कललेली असते, आणि माझी इच्छा तिला आणखी कलतं करते. ज्याची बाजू घ्यायची आहे त्याच्याविषयी आपण अधिक कडक असायला हवं, या निष्कर्षाला मी आले आहे.

त्या पेटंटमधून आणखी एक बारकावा कळतो, तो शेतकऱ्यांपर्यंत पोचलेला नाही. तिथे विषय तेलाचा होता, पाण्यातल्या निंबोळी अर्काचा नव्हता. आपण जो पाच टक्के निंबोळी अर्क करतो, पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, साबणाचं पाणी घालून शंभर लिटर करायचा तो, त्याची ख्याती अळ्या आणि रस शोषणाऱ्या किडींवर आहे. त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन किडीची भूक आणि कात टाकणं बिघडवतं. भुरीवर उपयोग दिसतो तो मुख्यतः तेलाचा. भुरीसाठी निंबोळी अर्क सांगणं म्हणजे बरोबर झाडाचं चुकीचं औषध सांगणं. आणि आमच्या कोकणात तर कडुलिंब विरळाच. घाटावर बांधाबांधाला असतो तसा इथल्या जांभ्या जमिनीत आणि पावसात तो दिसत नाही. निंबोळी किंवा तेल दोन्ही विकत आणायचं. ‘स्वस्त, घरचं औषध’ म्हणून ते इथे सांगताना मी घाटावरचं पुस्तक वाचून दाखवत असते. इथलं झाड करंज आहे. खाडीकाठी, नदीकाठी, रस्त्याकडेला भरपूर. त्याच्या बियांत करंजीन आणि पोंगामॉल आहेत, पेंड खताला चालते, तेल मिळतं. कोकणाने आपली मेहनत करंजावर लावावी असं मला मनापासून वाटतं. मात्र करंजावरही ‘वाटतं’ आणि ‘कळलं’ यांतलं अंतर मला राखायचं आहे.

मेहनत म्हणजे कुणाची, हेही बघायला हवं. लसूण सोलायचा, वाटायचा, पाला तोडायचा, पंच्यातून पिळून काढायचा, भांडी घासायची. हे काम घरातल्या बाईच्या दिवसात जाऊन पडतं, आणि तेही शेंगा तोडायच्या, आंब्याला मोहोर आल्याच्या हंगामात. पावडरीचं पाकीट फोडून पंपात टाकायला दोन मिनिटं लागतात. अर्काच्या खर्चाचा हिशेब मांडताना आम्ही लेखक मंडळी त्याची किंमत शून्य धरतो, कारण बाईच्या वेळेला दर लावलेला नसतो. मी स्वतः वाटलेलं आहे, म्हणून सांगते: दर आठवड्याला फवारा असं लिहिण्याआधी दर आठवड्याला कोण वाटणार ते लिहा.

रसायनांविषयी माझं मन काय म्हणतं? मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचा परवाना युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये पुढे चालू ठेवायला नकार दिला. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात मॅन्कोझेब आणि कार्बेन्डाझिम दोन्ही होती. भीती निराधार नाही. कार्बेन्डाझिम वारंवार मारलं की बुरशी त्याला दाद देईनाशी होते, हेही जगभर दिसलेलं आहे. पण उन्हाळी चवळीवर कर्ज काढून पाणी आणलेला माणूस माझ्यासमोर उभा असेल, करपा शेंगांवर उतरला असेल, आणि माझ्याकडे त्यावर भरवशाचा अर्क नसेल, तर मी त्याला काय सांगावं? त्याचं पीक माझ्या तत्त्वासाठी बुडू देण्याचा हक्क मला नाही. लेबलवरचं पीक बघ, प्रमाण बघ, तोंडाला फडकं बांध, तोडणीचे दिवस पाळ, हे मी सांगेन. हे सांगताना वाईट वाटेल, पण ती माझी अडचण आहे, त्याची नाही.

मग झाडपाल्याची बाजू सोडायची का? नाही. उलट या सगळ्या झाडाझडतीनंतर ती मला अधिक घट्ट धरता येते, कारण ती लहान झाली आहे. भुरीच्या पहिल्या ठिपक्याला, पानांच्या दोन्ही बाजूंना, संध्याकाळी, ताजा लसणाचा अर्क किंवा साबणाच्या पाण्यात फेटलेलं कडुलिंबाचं वा करंजाचं तेल, एवढ्यावर मी उभी राहीन. तेही आधी दोन-चार रोपांवर मारून, कारण तेलाने कोवळी पानं भाजतात. मर आणि मूळकुजीवर अर्क सांगणार नाही. तिथे भाताचं खोडकं खोल नांगरून पुरणं, पाणी न तुंबू देणं, निरोगी खाचरातलंच बी ठेवणं, पेरताना ट्रायकोडर्मा चोळणं, शेवटी रायझोबियम लावणं, मेलेलं रोप दाण्यांसकट उपटून बांधाबाहेर जाळणं, पेंड आधीच जमिनीत घालून कुजू देणं, हीच कामं आहेत. त्यात बाटली नाही आणि पिंपही नाही. बहुतेक कामं आज्यांना माहीत असलेलीच आहेत. अभिमान बाळगायचा तर या बिनफवारणीच्या शहाणपणाचा बाळगावा.

घरगुती उपाय मोजला की त्याचं काय होतं, याचं एक उदाहरण मला बळ देतं. ब्राझीलमध्ये वॅग्नर बेत्तिओल यांनी काकडीवर्गातल्या झुकिनीच्या भुरीवर गाईचं दूध पाण्यात मिसळून फवारलं. प्रमाणं ठरवून, न फवारलेली रोपं शेजारी ठेवून. दहा टक्क्यांच्या पुढे दूध नेहमीच्या बुरशीनाशकांच्या तोडीचं ठरलं आणि १९९९ साली तो निबंध छापून आला. ते हरितगृहातलं काम होतं, आपल्या वालावरचं नव्हे. पण आमच्याकडे आंबट ताक मारणारे कितीतरी आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणी शेजारचा वाफा कोरा ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून वाचकांना, विशेषतः कोकणात कुळीथ, वाल, चवळी पिकवणाऱ्यांना, माझी विनंती आहे. यंदा अर्क करा, ताक मारा, करंजाचं तेल वापरा, जे पटेल ते. मात्र एक वाफा सोडा. त्याच जातीचा, त्याच दिवशी पेरलेला, त्याच उन्हातला, आणि त्यावर काहीही मारू नका. दोन्ही वाफ्यांतली दहा-दहा रोपं खूण करून ठेवा. भुरीची पानं आठवड्याला मोजा. काय मारलं, किती पाण्यात, कुणी वाटलं, किती वेळ गेला, दंव होतं का, हे लिहा. गुण आला नाही तर तेही लिहा. त्याची गरज जास्त आहे. असा एक हंगाम दहा गावांत लिहिला गेला, तर झाडपाल्याची बाजू मांडायला माझ्यासारखीच्या शब्दांची गरज राहणार नाही. भुरी जानेवारीत दिसायला लागते. वही त्याआधी आणून ठेवा.